पखवाजाचा डावा हात आणि साडेतीनशेचा कनेक्टर

माझा मामा मुंबईत असतो. चतुर्थीला गावी आला की आचऱ्यात आमच्या भजनाला पखवाजावर तोच बसतो. बाकीचं वर्ष मी त्याने पाठवलेल्या रेकॉर्डिंगवर शिकतो. मे महिन्यात नवा फोन घेतला आणि घरी येऊन बघतो तर हेडफोनची पिन घालायला जागाच नाही. आयफोनने २०१६ साली ती काढली, मग हळूहळू बाकीच्यांनीही.

फोनच्या स्पीकरवर उजव्या हाताचं ‘तिट’ खणखणीत ऐकू येतं. कणीक लावलेल्या डाव्या अंगाचा घुमार मात्र येतच नाही. एवढ्याशा स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही. आणि मी चुकतो तो नेमका डाव्या हातात.

‘ब्लूटूथ घे’ असं सगळ्यांनीच सांगितलं. भावाचे ब्लूटूथ हेडफोन दोन दिवस लावून बघितले. नुसतं ऐकायला छान आहेत. पण मी लेहरा (ताल धरायला पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून) कानात ठेवून वाजवतो आणि ते त्याच फोनवर रेकॉर्ड करतो. ब्लूटूथचा आवाज कानापर्यंत थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे नंतर लेहरा आणि माझं वाजवणं एकावर एक ठेवलं की माझी सम (तालाची पहिली मात्रा) मागे पडलेली. ब्लूटूथचाच माईक वापरला तर सगळा आवाज फोन कॉलसारखा चपटा होतो. माझे जुने वायरवाले हेडफोन उत्तम आहेत, ते टाकून देणं मला पटत नव्हतं.

मालवणच्या बाजारातून दीडशे रुपयांचा टाईप-सीचा कनेक्टर आणला, म्हणजे हेडफोनची पिन फोनच्या चार्जिंगच्या जागेत जोडून देणारा. फोनला लावला, काही नाही. आवाज स्पीकरमधूनच. परत नेला तर दुकानदाराने फोन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “ह्यो तुज्या मोबाईलाक चलाचो नाय.” का नाही, ते त्यालाही सांगता येईना. मग मीच शोधत बसलो.

फोनमधलं गाणं आकड्यांच्या रूपात असतं. हेडफोनला विजेची लहर लागते. आकड्यांची लहर करणाऱ्या चिपला डीएसी (DAC) म्हणतात. काही फोन ही लहर आत तयार करून टाईप-सीमधून बाहेर देतात, तिथे नुसत्या तारेचा कनेक्टर चालतो. माझ्यासारखे बरेच फोन फक्त आकडेच बाहेर देतात, म्हणून तिथे कनेक्टरच्या पोटातच डीएसी लागतो. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, ही खरी अडचण. पाकिटावर ‘डीएसी’ लिहिलेलं बघा. दुकानात टाईप-सीचा लॅपटॉप असेल तर त्याला लावून बघा: आवाजाच्या यादीत नवं नाव आलं तर आत चिप आहे, नाही आलं तर नुसती तार.

दुसऱ्या वेळेला साडेतीनशेचा घेतला आणि मामाचा तो डावा हात पहिल्याच रात्री कानात आला. मी अख्खी रात्र एकच तुकडा ऐकला. पाऊस सुरू झालेला, पत्र्यावर धो धो आवाज, तरी ‘धा’नंतर हात किती वेळ कातड्यावर टेकवून ठेवतो ते स्पष्ट कळत होतं.

याहून महागाच्या वाटेला जाऊ नका असं माझं प्रामाणिक मत आहे. पाकिटावर ३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट असले आकडे असतात, सीडी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची असते, आणि तिच्यावर कुणाचं काही अडलेलं नाही. साध्या १६ किंवा ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) हेडफोनला छोटा कनेक्टर पुरतो. २५० किंवा ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर जास्त ताकदीचा लागेल. ॲपलचा छोटा पांढरा कनेक्टर नावाजलेला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज लहान येतो, तेव्हा घेण्याआधी आपल्याच फोनवर ऐकून बघा. काही फोनमध्ये सेटिंगमधून ओटीजी (फोनला बाहेरची वस्तू जोडायची सोय) चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं; कनेक्टर बिघडला समजून फेकू नका.

रेकॉर्डिंगमध्ये जे नाही ते मात्र कनेक्टर आणणार नाही. मामा आधी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवायचा, त्यात आवाज दाबला जातो. आता फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलंय. फरक लगेच कळतो.

आणि आपल्याकडची गोष्ट: खारी हवा. पहिल्या कनेक्टरची पिन न वापरताच महिन्याभरात हिरवट झाली. नवा मी बिस्किटाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. खरखर यायला लागली तर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिन पुसतो आणि पूर्ण वाळल्यावरच फोनला लावतो. वायर जिथे पिनला मिळते ती मान सगळ्यात आधी तुटते, म्हणून आखूड आणि मऊ वायरचाच घ्या, आणि फोन खिशात ठेवताना पिन वरच्या बाजूला राहू द्या.

मामाला कालच फोन केला. तुझ्या पंधराव्या मात्रेला डावा हात दाबलेला असतो, उघडा नसतो, हे मला आत्ता कळलं, असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “चतुर्थीक बसताना तूच बस.”