पंखांची ढाल

क्लीव्हलँड ब्राउन्सच्या हेल्मेटवर चित्र नसतं. केशरी कवच आणि मधोमध पट्टे, बस्स. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, हेल्मेटवर लोगो नसलेला हा एकमेव संघ. आणि लोगोपायी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले ते नेमके याच घराण्यात.

मालक आर्ट मॉडेल यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये संघाचं बिऱ्हाड बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. तडजोड अशी ठरली की नाव, रंग, जुने विक्रम क्लीव्हलँडकडेच राहतील. बाल्टिमोरला हे नशीब लाभलं नव्हतं. १९८४ मध्ये त्यांचा जुना संघ कोल्ट्स; ते रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला गेले, ते हेल्मेटवरच्या घोड्याच्या नालासकट.

मार्च १९९६ च्या अखेरीस बाल्टिमोरच्या नव्या संघाचं नाव ठरलं रेव्हन्स, म्हणजे डोमकावळे. ‘द रेव्हन’ ही कविता लिहिणारा एडगर अ‍ॅलन पो बाल्टिमोरातच वारला, तिथंच पुरला गेला. हंगाम सप्टेंबरात, म्हणजे लोगोला हाताशी जेमतेम दोन-तीन महिने. घाईत गोंधळ होतो तो इथंच.

एका सरकारी इमारतीतल्या हौशी चित्रकार सुरक्षारक्षकानं पंखांच्या ढालीचं चित्र काढून एप्रिलमध्ये स्टेडियम प्राधिकरणाच्या अध्यक्षांना फॅक्स केलं. वापरलंत तर एक पत्र आणि सही केलेलं हेल्मेट द्या, एवढीच मागणी. अध्यक्षांचं वकिली कार्यालय आणि मॉडेल यांचं तात्पुरतं कार्यालय एकाच इमारतीत. जूनमध्ये लोगो झळकला: पसरलेले पंख, मधे ढाल, ढालीवर इंग्रजी अक्षर ‘बी’.

सुरक्षारक्षकानं खटला भरला. १९९८ मध्ये ज्यूरीनं नक्कल मान्य केली. पण सुरक्षारक्षकानं कॉपीराइटची नोंदणी केली होती जुलैत, लोगो बाजारात आल्यावर. तिथल्या कायद्यात अशा उशिरानं ठरावीक रकमेची भरपाई हातची जाते. मग नफ्यातला वाटा मागावा लागतो. २००२ मध्ये दुसऱ्या ज्यूरीला वाटलं, टोप्या-टीशर्ट खपले ते लोगोमुळे नव्हेत. भरपाई शून्य! हेल्मेट मागणाऱ्याला निदान हेल्मेट तरी द्यायचं.

१९९९ पासून हेल्मेटवर कावळ्याचं डोकं आलं. मला तेच उजवं वाटतं. चालत्या खेळात ढालीपेक्षा चोच लवकर ओळखू येते. स्टिकरचं काम मात्र वाढलं. पंखांची ढाल दोन्ही बाजूंना एकच चालायची. चोच दोन्हीकडे पुढंच हवी, म्हणजे डोकं आरशातल्यासारखं उलटवायचं, पण त्यावरचा ‘बी’ सुलटाच ठेवायचा.

जुन्या सामन्यांच्या चित्रफितींतून ढाल कशी पुसणार? तोही खटला झाला. २०१३ मध्ये न्यायालयानं माहितीपटांतला असा ओझरता वापर वाजवी ठरवला.