शेतीशाळा झाली हसतखेळत, दम काढला सातबाऱ्यानं

सेंद्रिय शेतीचा गट करायला निघालेल्या बायांनो, खताची, अर्काची, बियाण्याची काळजी करू नका, ते सगळं जमतं. आधी सातबारा काढून बघा, त्यावर तुमचं नाव आहे का. सरकारच्या महाभूमी साईटवर 15 रुपयांत डिजिटल सहीचा निघतो.

आमच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात बायांचे गट नवे नाहीत. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर ते जागोजागी उभे राहिले. पुढं ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं एक एकरावर बाईनं स्वतःच्या निर्णयानं घरापुरतं धान्य-भाजीपाला पिकवायची पद्धत रुजवली. ते ऐकून-बघून आमच्या गावातही शेतीशाळा सुरू झाली. ना फळा ना खुर्च्या, सरळ वावरात.

शिकवणाऱ्या ताईंनी एक दिवस काचेचे दोन ग्लास पाणी भरून बांधावर ठेवले. एकात बांधावरच्या गवताखालचं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात कित्येक वर्षं नुसतं सोयाबीन घेतलेल्या वावरातलं. वावरातलं ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाण्याचा चहा झाला. बांधावरचं मुळ्यांना धरून तसंच बसलेलं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणूनच पहिल्या पावसाला आपली माती ओढ्यात जाती.” त्यानंतर काडीकचरा पेटवू नका, आच्छादन करा, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवा, हे कुणाला वेगळं पटवावं लागलं नाही. जीवामृत तर आता पोरंही सांगतात: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती.

मग ठरलं, पीजीएस-इंडियात गट नोंदवायचा. ही सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र द्यायची केंद्र सरकारची पद्धत आहे. किमान 5 शेतकऱ्यांचा गट लागतो, गटातल्यांनीच एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करायची, बाहेरच्या प्रमाणपत्राचा मोठा खर्च नाही. म्हणजे आम्ही शेतीशाळेत करत होतो तेच. पण अर्जाला प्रत्येकीचा सातबारा आणि आठ-अ (जमिनीचा खातेउतारा) मागितला, आणि आमच्यातल्या बहुतेकींच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव.

“मग मालकांच्या नावानं भरा की, काय फरक पडतोय?” असं सांगण्यात आलं. मालक शेतीशाळेकडं फिरकलेसुद्धा नव्हते. त्या अर्जासोबत शपथ असते की मी रासायनिक खत-फवारणी वापरणार नाही. ती शपथ जीवामृत ढवळणारीनं घ्यायची की सातबाऱ्यावरच्यानं?

यावर रस्ता आहे. लक्ष्मी मुक्ती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ही मोहीम चालवली आणि 1992 मध्ये सरकारनं शासन निर्णय काढला. नवऱ्यानं स्वतः अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको. आमच्या ह्यांनी कुरकुर न करता सही केली. मला वाटलं, झालं काम.

तलाठी कार्यालयात (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) टेबलावरच्या माणसानं अर्ज वाचलासुद्धा नाही. “ताई, असं कुठं असतंय का? बक्षीसपत्र करून आणा.” मी म्हणाले, शासन निर्णय आहे. “असंल, पण आमच्याकडं आलेला नाही.” तीस वर्षं झालेला निर्णय! पुढच्या वेळी साहेब मीटिंगला. मग म्हणे ई-पीक पाहणी चालू आहे, नंतर या. मग साईट बंद. रोजगार बुडवून जायचं आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून यायचं. ह्यांना सोबत नेलं की बोलणं ह्यांच्याशीच, माझ्याकडं कुणी मान वर करून बघत नव्हतं. राग त्याचाच जास्त यायचा.

शेवटी शासन निर्णयाची प्रिंट काढली, अर्जाला टाचली, आणि अर्ज आवक रजिस्टरला लावून पोच घेतल्याशिवाय उठले नाही. हे पहिल्याच दिवशी करा. पोच नसली की तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता.

फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, धरला गेला. 15 दिवसांची नोटीस असते, ती ‘आपली चावडी’ या सरकारी साईटवर मोबाईलवर दिसते, म्हणून विचारायला जाऊ नका, घरीच बघा. हरकत कुणाचीच आली नाही. तरी मंडळ अधिकाऱ्यांकडून नोंद प्रमाणित होईना. का, तर आधारवर माझं माहेरचं नाव आणि अर्जावर सासरचं! हे आधी कुणी बोललं असतं तर? ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढून जोडला, तेव्हा कुठं नोंद मंजूर झाली. ज्यांची लग्नाची नोंदच नाही त्यांनी ती आधी करून घ्या. आधार दुरुस्तही करून टाका, कारण फार्मर आयडी काढताना हाच घोळ परत निघतो.

नवा सातबारा आला तेव्हा मी तो मोबाईलवर मोठा करकरून बघितला. ह्यांच्या नावाखाली माझं नाव. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “माझं कामून नाही लावलं कुणी?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गटाचा अर्ज त्यानंतर सुरळीत गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण दोघीजणी अजून बाहेर आहेत. त्यांचं जमिनीचं खातं दिरांबरोबर सामाईक आहे, आणि वाटणी झाल्याशिवाय नाव लावता येत नाही असं त्यांना सांगितलंय. आमची वाटणी आधीच झालेली, म्हणून मी सुटले. तुमचं खातं सामाईक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडं वाटणीचा अर्ज करता येतो, पण सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. हे काम उन्हाळ्यातच काढा. मृग लागला की दीर पेरणीत असतात, आणि पाऊस जास्त झाला तर ऑफिस पंचनाम्यात.