शंभर युनिटांच्या आत

नाताळच्या बंदाची सूचना या आठवड्यात आमच्या मजल्यावर लागली. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत नाताळ ते नववर्ष या दिवसांत इमारती बंद ठेवतात आणि हीटिंग खाली आणतात, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या खोलीतील रेडिएटरची कळ हिमकणाच्या चिन्हावर आणायची असते. पाईप गोठू नयेत एवढीच ऊब त्या चिन्हावर राहते. ती सूचना वाचताना मला माझा पहिला हिवाळा आठवला आणि त्या वेळी गिळलेली गोष्ट आता लिहून टाकावी असे वाटले.

तो 2022 चा हिवाळा होता. रशियाचा गॅस आटल्यामुळे सार्वजनिक इमारतींतील कार्यालये 19 अंशांपेक्षा अधिक तापवू नयेत, असा नियम जर्मन सरकारने 1 सप्टेंबरपासून लागू केला होता. पुण्याच्या थंडीवर वाढलेल्या मला दिवसभर बसून काम करताना ते तापमान सोसेना, म्हणून मी बाजारातून 1500 वॅटचा एक छोटा हीटर आणला आणि टेबलाखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी इमारतीचे काळजीवाहक आले. ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून प्लगमध्ये बसणारा एक लहान मीटर काढला, हीटर त्याला जोडला आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी आपण दोघे मिळून आकडा पाहू." दुसऱ्या दिवशी त्यावर 10.2 युनिट दिसत होते. महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांचा हिशेब मी मनातच केला, तो सव्वादोनशे युनिटांच्या घरात गेला.

हा आकडा मला इतका का लागला, ते महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या घरी आई दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचे रीडिंग कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते आणि वीस तारखेच्या सुमारास पुन्हा जिन्याखाली जाऊन पाहते, कारण शंभर युनिटांच्या पुढे महावितरणचा दर एकदम चढतो. शंभराच्या जवळ आले की इस्त्री बाहेर जाते आणि गिझरऐवजी गॅसवर पाणी तापते. दोन माणसांचे अख्खे घर ज्या विजेत महिनाभर चालते, तिच्या दुपटीहून अधिक वीज मी एकटी माझ्या पायांशी जाळणार होते. हीटर मी त्याच संध्याकाळी बंद केला.

पुढे त्या काळजीवाहकांकडून आणि सहकाऱ्यांकडून या विद्यापीठाची व्यवस्था कळत गेली, आणि तिच्यातली एक गोष्ट मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. 2007 पासून येथे प्रत्येक विभागाला ऊर्जेच्या वापराची एक मर्यादा ठरवून देण्यात आली. वापर तिच्या खाली राहिला, तर वाचलेल्या रकमेचा निम्मा भाग विभागाच्या हाती येतो आणि तो पैसा विभागाच्या कामाला लागतो; वापर वर गेला, तर वाढीव खर्च पूर्णपणे विभागानेच सोसायचा. त्यामुळे कोणती प्रयोगशाळा रात्री विनाकारण चालू राहते, कोणत्या सभागृहाचा पंखा रिकाम्या खुर्च्यांना वारा घालतो, हे प्रश्न विभागाच्या बैठकीत विचारले जाऊ लागतात. याच्या जोडीला वर्षानुवर्षे हीटिंग, वायुवीजन आणि दिव्यांची दुरुस्ती होत राहिली, आणि 2000-01 च्या तुलनेत पुढील दहा-अकरा वर्षांत ऊर्जेचा वापर चौथ्या भागाने घटला. 2015 मध्ये शाश्वतता आणि ऊर्जा यांसाठी थेट विद्यापीठाच्या नेतृत्वाच्या अखत्यारीत स्वतंत्र कक्ष झाला, आणि डिसेंबर 2019 मध्ये विद्यापीठाने हवामान आणीबाणी जाहीर केली. माझ्या लेखी या घोषणेपेक्षा विभागाच्या खात्यात जमा होणारी ती निम्मी रक्कम अधिक मोलाची आहे.

मी भारतात शिकत होते तेव्हा पर्यावरण हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सक्तीचा झालेला विषय होता. प्रत्येकाने त्यावर प्रकल्प लिहिला, त्याला पुठ्ठ्याचे कव्हर घातले आणि गुण मिळवले. पण आमच्या इमारतीचे वीजबिल किती येते, हे कोणाला ठाऊक नव्हते आणि विचारण्याची जागाही नव्हती. याची मला खंत आहे.

तरीही येथील कोणी भारताच्या प्रदूषणावर बोलू लागले की मी गप्प बसत नाही. सरासरी जर्मन माणसाचे कार्बन उत्सर्जन सरासरी भारतीयाच्या सुमारे तिप्पट आहे, आणि चौथा भाग कमी करण्यासाठी आधी तेवढे वापरलेले असावे लागते. माझी आई कोणत्याही कक्षाशिवाय तेच करते, जे येथे कार्यालये थाटून करावे लागते, आणि तिच्या बचतीतला निम्मा वाटा तिला कोणी परत दिलेला नाही. मी दर वर्षी मुंबईला विमानाने जाते, हे एका सहकाऱ्याने मला एकदा जेवताना सुचवून पाहिले. त्याचे आईवडील ट्रेनने दोन तासांवर राहतात. माझे राहत नाहीत. त्या प्रवासाचा हिशेब मी माझ्या नावावर धरते, पण तो सोडणार नाही.

हीटर मी पुढच्या वर्षी विकून टाकला. काळजीवाहकांचा तो मीटर मात्र मी मागून घेतला होता. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि यंदा घरी जाताना तो आईसाठी नेणार आहे. तिला फ्रिज तपासायचा आहे. गेल्या महिन्याचे रीडिंग 104 निघाले आणि तिचा संशय त्याच्यावर आहे.