इंटरव्हल व्यायामाचा प्रोग्रॅम विकताना

ठाण्यातल्या वन बीएचकेत राहणाऱ्या नवख्या गिऱ्हाइकाला ‘२० सेकंद जोरात व्यायाम, १० सेकंद विश्रांती, ८ फेऱ्या’ हा ताबाता नावाचा इंटरव्हल प्रकार थेट विकू नका. १९९६ च्या जपानी प्रयोगात तो सायकलवर, शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांकडून करवून घेतला होता. सुरुवात २० सेकंद काम, ४० सेकंद विश्रांती, ६ फेऱ्या. आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. उड्या नकोतच, खालच्या मजल्यावरचे काका सकाळी सहालाच बेल वाजवतात! स्क्वॉट, जागच्या जागी गुडघे वर एवढं पुरतं.

व्हिडिओसोबत नुसता शिट्टीचा ऑडिओही द्या. फरशीवर ठेवलेल्या मोबाइलकडे बघताना मान खाली जाते, मग पाठ वाकते आणि स्क्वॉट बिघडतो. यूपीआयचा क्यूआर पाठवण्याआधी बीपी, छातीत दुखणं, गुडघे विचारा. यातल्या एकाही त्रासाला ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर, मग पैसे.