तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला गॅरेजात टाकलं तर आधी काय शिकवता?

गाडी सर्व्हिसिंगला टाकायला आलेला माणूस जॉब कार्डवर सही करता करता हळूच विचारतो, दादा आमच्या पोराचं आयटीआय होतंय, मोटर मेकॅनिकला आहे, तुमच्याकडे अप्रेंटिस घ्याल का, आणि घेतलंत तर आधी काय शिकवाल त्याला? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं, इंजिन खोलायला. हल्ली काहीजण स्कॅनर म्हणतात, म्हणजे गाडीला जोडून बिघाड शोधायचं यंत्र. पोरांनाही तेच हवं असतं, आल्या दिवसापासून टॅब हातात घ्यायचा असतो. मी म्हणतो सुरुवातीला बोलायला शिकवणार. यावर बाप हसतो, कारण घरी पोराचं तोंड बंद राहत नाही म्हणून तर त्याला कामाला लावायचं असतं.

आता बोलायला म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण दरवेळी काउंटरवर उभ्या उभ्या ते नीट सांगून होत नाही.

आमच्याकडे आलेली गाडी एका माणसाच्या हातून कधीच पूर्ण होत नाही. अॅडव्हायझर तक्रार लिहून घेतो, सुपरवायझर काम वाटतो, मेकॅनिक खोलतो, पार्ट आला नाही म्हणून गाडी तशीच उभी राहते, मधेच तो मेकॅनिक दुसऱ्या गाडीकडे जातो, इलेक्ट्रिशियन येऊन त्याचं वायरिंग बघून जातो, मग हेल्पर, वॉशिंग, ट्रायल. गाडी तक्रार घेऊन परत आली आणि मागे जाऊन शोधलं की बऱ्याचदा असं दिसतं की काम सगळ्यांना येत होतं, फक्त कुणीतरी अर्धं ठेवलेलं काम पुढच्याला सांगितलं नव्हतं. एका गॅरेजमधला किस्सा आहे, नाव कशाला घ्यायचं. एकाने ऑईल काढलं, ड्रेन प्लग, म्हणजे ऑईल काढायच्या भोकाचं खालचं बूच, नुसता हाताने फिरवून ठेवला आणि जेवायला गेला. दुसऱ्याने बघितलं प्लग लागलेला आहे, नवीन ऑईल भरलं, गाडी लिफ्टवरून उतरवली, गिऱ्हाईक घेऊन गेलं. हायवेला प्लग गळाला, ऑईल सगळं रस्त्यावर, इंजिन जाम. प्लग आवळता पहिल्याला येत होता, ऑईल भरता दुसऱ्याला येत होतं, स्किलमधे दोघं पास, आणि गिऱ्हाइकाचं इंजिन मात्र गेलं.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे की अर्धं काम अर्धं दिसलं पाहिजे. उठून जायचं असेल तर प्लग हाताने लावून ठेवायचा नाही, सरळ काढून ट्रेमधे ठेवायचा, भोक उघडं दिसू दे. ऑईल काढलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला कागद चिकटवायचा, ऑईल नाही, आणि किल्ली काढून सुपरवायझरकडे. चाकाचे नट फक्त हाताने बसवले असतील तर गोटी पाना त्याच नटावर लावलेला सोडायचा, म्हणजे कुणी चाक पूर्ण झालंय असं समजणार नाही. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळून झालं की नटावर पेंट मार्करची रेघ, आणि ज्याने आवळलं त्यानेच रेघ मारायची, दुसऱ्याने त्याच्या वतीने मारायची नाही.

यावर पोरं मला एफ वनचे, म्हणजे फॉर्म्युला वन रेसिंगचे रील्स दाखवतात. बघा सर, चारही चाकं दोन सेकंदांत. मॅक्लारेनने 2023 ला कतारमधे 1.80 सेकंदांत बदलली, विक्रम आहे तो. मी म्हणतो वेळ बघू नका, नट आवळणाऱ्या गनवाल्याचा हात बघा. नट आवळून झाला की तो गनवरचं बटण दाबतो, माझं चाक झालं म्हणून, आणि चारही कोपऱ्यांतून तसं कळल्याशिवाय ड्रायव्हरला हिरवा दिवा मिळत नाही. एका चाकाला तीन तीन माणसं, घाई एवढी की तोंडाने बोलायला वेळ नाही, तरी 'झालं' हे सांगायची सोय त्यांनी ठेवलीच आहे. आपल्याकडे तर स्विफ्टच्या चाकाला कुणी सेकंद मोजत बसलेलं नसतं, मग तोंडाने सांगायला काय जातं.

नवीन पोराला मी सगळ्यात आधी बसवतो ते ब्रेकची हवा काढायला, म्हणजे ब्रेक ऑईलच्या नळ्यांत अडकलेली हवा. आता मशीन मिळतं, एकटा माणूसही हवा काढू शकतो, आमच्याकडे आहे पण मशीन. तरी नवीन पोरं असली की मी मुद्दाम पायाने करायला लावतो, कारण तीन माणसांनी एकत्र काम कसं करायचं हे शिकवायला यासारखं दुसरं काम नाही. एकजण सीटवर, त्याचा पाय पेडलवर. एकजण चाकापाशी, निप्पलवर, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या स्क्रूवर पाना आणि पारदर्शक नळी बाटलीत सोडलेली. तिसरा बॉनेटपाशी, मास्टर सिलिंडरच्या डब्यातल्या ब्रेक ऑईलवर नजर ठेवून. चाकापाशी बसलेला म्हणतो दाब, सीटवरचा दोन तीनदा दाबून म्हणतो धरलंय, मग हा निप्पल थोडा सैल करतो, नळीतून ऑईल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं, हा निप्पल बंद करतो आणि मगच म्हणतो सोड. एवढंच आहे सगळं. पण 'सोड' यायच्या आधी पाय उचलला, म्हणजे मोबाईल वाजला म्हणून किंवा बाहेर कुणी हाक मारली म्हणून, की उघड्या निप्पलमधून हवा परत आत ओढली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यात तीन गोष्टी मी बघतो. एक, पोरगं उत्तर शब्दात देतंय का, नुसतं 'हं' चालत नाही, कारण चाकाच्या आड बसलेल्याला 'हं' कळत नाही, बाजूला कॉम्प्रेसर चालू असतो. दुसरं जरा अवघड आहे. सीटवर जुना मेकॅनिक असेल आणि निप्पलवर नवीन पोरगं, तर हुकूम पोराचा. जुन्याने ऐकायचं. बुडबुडे पोराला दिसतायत, त्याला नाही, विषय संपला. सुरुवातीला आमच्या जुन्या लोकांना हे पचलं नव्हतं, काल आलेलं पोरगं मला दाब-सोड सांगणार का वगैरे झालं, पण चालतं आता. आणि तिसरी गोष्ट त्या बॉनेटवाल्याची, ज्याला सगळे फालतू काम समजतात. डब्यातलं ऑईल मिनिमम रेघेखाली जाऊन डबा रिकामा झाला तर वरून हवा शिरते, म्हणजे दोघांची सगळी मेहनत त्याच्यामुळे वाया. त्याने मोठ्याने 'थांबा' म्हणायचं असतं आणि दोघांनी थांबायचं असतं.

हे 'थांबा' शिकवणं फार कठीण आहे, खरंच सांगतो. पोराला निप्पल दोन दिवसांत जमतो, पण वस्तादाला थांबा म्हणायला जीभ वळत नाही. त्यात आपल्याकडची जुनी गॅरेजं म्हणजे शिव्या, टपल्या, कधी उडत आलेला पाना, मीही त्यातूनच आलोय आणि अजून काही लोक अभिमानाने सांगतात की आम्ही असेच शिकलो. मला ते पटत नाही. घाबरलेलं पोरगं आधी काय शिकतं तर लपवायला. नट तिरका बसला, स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे आटे गेले, त्याला कळलेलं असतं, पण ओरडा बसेल म्हणून तो तसाच दाबून आवळतो आणि गप्प बसतो. स्टड काही महाग वस्तू नाही, बदलता येतो. लपवलेला गेलेला आटा घेऊन गाडी कसारा घाट उतरणार असेल तर मात्र मला झोप लागणार नाही. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या साध्या कामगाराला काही चुकतंय असं वाटलं तर ओढायला दोरी असते, ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. आमच्याकडे दोरी नाही, लाइनही नाही, पण आटे गेले असं स्वतःहून सांगणाऱ्याला त्या दिवशी कुणी काही बोलायचं नाही एवढं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.

गाडीखाली माणूस असेल तर गाडीची किल्ली त्याच्या खिशात, यात चर्चा नाही. स्टार्टर मारायच्या आधी 'स्टार्ट करतोय' म्हणायचं आणि उत्तर यायची वाट बघायची, नुसतं ओरडून लगेच किल्ली फिरवायची नाही. लिफ्ट खाली घेताना आधी गाडीभोवती एक चक्कर. इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्यापासून हे जास्तच कडक झालंय, नारिंगी केबल, म्हणजे हाय व्होल्टेजची, दिसली की ट्रेनिंग न झालेल्याने हात लावायचा नाही, बॅटरीचा हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग ज्याने काढला त्याच्याच ताब्यात तो राहणार, आणि हाय व्होल्टेजवर एकट्याने काम करायचं नाही, दुसरा माणूस बाजूला हवाच.

हत्यारांबद्दल जास्त लिहीत नाही, दहा एमएमची गोटी जगातल्या प्रत्येक गॅरेजात हरवलेलीच असते. बॉनेट लावायच्या आधी ट्रेमधली हत्यारं मोजायची, बस.

मुलींचंही विचारतात काहीजण, वजन झेपेल का म्हणून. गिअरबॉक्स एकट्याने छातीवर घ्यायचे दिवस गेले, आणि ते कधी असायलाच नको होते. आमच्याकडे गिअरबॉक्स जॅकवर उतरतो, दोघांनी मिळून, आणि जो एकट्याने उतरवून दाखवतो त्याला मी शाबासकी देत नाही.

आयटीआयमधे असतानाच काय करता येईल असं पोरं विचारतात. तिथे एका इंजिनभोवती सात आठ जण उभे असतात, दोघं खोलतात, बाकीचे बघतात नाहीतर मोबाईल काढतात. मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, त्यातला बराच वेळ असा उभं राहण्यात जातो. तर बघणाऱ्याने पुढची पायरी मोठ्याने सांगायची, खोलणाऱ्याने चूक की बरोबर ते सांगायचं, आणि मधेच जागा बदलायची, तीही काय झालंय आणि काय राहिलंय हे नव्याला सांगून. सरांना विचारा, नाही म्हणणार नाहीत.

आणि आईवडिलांना एक सांगतो, पोराला कुठेही टाकायच्या आधी संध्याकाळी त्या गॅरेजात अर्धा तास नुसतं उभं राहा, गाडी दाखवायच्या निमित्ताने. हेल्परला नावाने हाक मारतात की 'ए छोटू' चालतं ते ऐका. हेल्परने काही विचारलं तर वस्ताद मान वर करून उत्तर देतो का ते बघा. अप्रेंटिसची रीतसर नोंदणी करतात का आणि स्टायपेंड किती हे तोंडावर विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे पाठवणार असाल तर सेफ्टी शूज घेऊन द्या, चपलेवर आलेलं पोरगं मी गेटवरूनच परत पाठवतो.