कोणत्या ओळीत चुकलास?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे निमंत्रण आले तेव्हा मी एका जुन्या पाण्याच्या टाकीच्या तपासणीचा अहवाल वाचत होतो. ‘शाळेने मला काय दिले’ असा विषय सुचवलेला होता. शाळेने पुष्कळ दिले, हे खरेच आहे. मैदान दिले, मित्र दिले, संमेलनात दोन ओळींची भूमिका दिली आणि त्यातलीही एक मी विसरलो. पण निमंत्रण वाचून झाल्यावर मनात उरला तो एकच प्रश्न, आणि तो विचारणाऱ्या बाईंचा आवाज. तेव्हा हे मनोगत शाळेविषयी कमी आणि बाईंविषयी जास्त होणार आहे, याबद्दल संपादक मंडळाने मला क्षमा करावी.

बाई म्हणजे गणिताच्या बाई, हे आमच्या पिढीला वेगळे सांगायला नको. जिन्याखालची ती बुटकी खोली, दारात आपोआप खाली जाणारी प्रत्येकाची मान आणि मधल्या सुट्टीतही चालू असणारे बाईंचे वह्या तपासणे, हे सारे वाचकांच्या डोळ्यांसमोर असेलच. मी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो तो नववीच्या सहामाही परीक्षेनंतर. गणितात मला शंभरपैकी तेवीस गुण मिळाले होते. वर्गात पेपर वाटताना बाईंनी माझा पेपर मागे ठेवला आणि शाळा सुटल्यावर भेटायला सांगितले. त्या दिवशीचे शेवटचे तीन तास कोणत्या विषयांचे होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

बोलणी खायची तयारी ठेवूनच मी गेलो होतो. बाईंनी पेपर माझ्यापुढे सरकवला, तो तपासलेला नव्हता. गुण तेवढे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होते. मग त्यांनी स्वतःची लाल पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “आता तू तपास.” मी पहिल्या चुकलेल्या उदाहरणावर, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, मोठी फुली मारली. मला वाटते, त्या फुलीत थोडा रागही होता. बाईंनी चष्मा वर सरकवला. “एवढं सगळं चुकलंय? पहिली ओळसुद्धा?” मी पाहिले. ‘ती संख्या क्ष मानू’ ही पहिली ओळ होती आणि ती बरोबर होती. दुसरी बरोबर होती. तिसऱ्या ओळीत समीकरण मांडले होते, ५ − (क्ष − ३) = २, आणि तेही बरोबर होते. चौथ्या ओळीत मी कंस सोडवला होता आणि लिहिले होते, ५ − क्ष − ३ = २. तिथून पुढे क्षची किंमत शून्य आली होती. त्या उदाहरणाचे गुणही शून्यच होते, त्यामुळे निदान एकवाक्यता होती.

बाईंनी पेन्सिल परत घेतली आणि तीनच्या आधीच्या वजाच्या चिन्हाभोवती मुगाएवढे वर्तुळ काढले. “एवढंच चुकलंय. खालच्या ओळी बिचाऱ्या या चुकीशी प्रामाणिक राहिल्यात, त्यांना कशाला फुली मारतोस? आणि ताळा पाहिला असतास तर परीक्षेतच कळलं असतं. शून्य घालून बघ.” मी शून्य घातले, आठ आले, यायला हवे होते दोन. मग त्यांनी पेपरातले प्रत्येक चुकलेले उदाहरण काढले आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला, “कोणत्या ओळीत चुकलास?” अकरा उदाहरणांपैकी सात ठिकाणी कंसाबाहेरचे वजाचे चिन्ह होते. मी गणितात नापास झालो नव्हतो, एका वजाच्या चिन्हात नापास झालो होतो. या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे नापास झालेल्यालाच कळेल.

याहून महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. बाईंनी खणातून एक लांबट वही काढली. ती त्यांची स्वतःची होती. तारखेनुसार मागे जात त्यांनी एक पान काढले आणि माझ्याकडे वळवले. त्यावर लिहिले होते, ‘कंस सोडवणे आज घाईत उरकले. घंटेकडे लक्ष होते. मागच्या दोन रांगा गप्प. पुन्हा घेणे.’ ते पुन्हा घेणे राहून गेले होते. “तुझी चौथी ओळ,” बाई म्हणाल्या, “आणि ही माझी.” माझी जागा मागून दुसऱ्या रांगेत होती. शिक्षकांचे चुकते आणि ते त्या लिहून ठेवतात, ही कल्पनाच मला तोवर नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी साऱ्या वर्गाला कंस पुन्हा पहिल्यापासून शिकवले आणि कारण काय, तेही न लपवता सांगितले. आज इतक्या वर्षांनी, स्वतः माणसे हाताखाली घेतल्यानंतर, त्या वाक्याला किती बळ लागले असेल याचा अंदाज मला येतो.

त्या दिवसापासून मी चुकांची वही ठेवू लागलो. रोजच्या वहीत उदाहरण बरोबर करून लिहायचे आणि या वहीत ते चुकलेलेच ठेवायचे, चुकलेल्या ओळीवर वर्तुळ काढायचे आणि शेजारी कारण लिहायचे, असा बाईंचा दंडक होता. ‘निष्काळजीपणा’ हे कारण त्या चालवून घेत नसत. निष्काळजीपणा हे कारण नसून स्वतःला दिलेली शिवी आहे, असे त्या म्हणत. ‘घाई का झाली’, ‘काय गृहीत धरले’, ‘काय वाचलेच नाही’ असे काहीतरी हाती लागेपर्यंत त्या वही परत देत.

पुढे मी संरचना अभियंता झालो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी आकडेमोड केलेली चार मीटर उंचीची एक आधारभिंत, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत, पहिल्याच जोरदार पावसाळ्यात पुढे झुकली. माथ्याशी ती जवळजवळ वीतभर सरकली होती. कोणाला इजा झाली नाही, एवढेच नशीब. भिंत पाडून नव्याने बांधावी लागली आणि मला माझ्या टेबलावरून उठून नकाशांच्या नोंदी ठेवण्याच्या कामावर बसावे लागले. वरिष्ठांनी मोठ्या बैठकीत माझा जो उद्धार केला तो अगदी माझ्या नववीतल्या फुलीसारखा होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दोन-तीन महिने मीही तीच फुली स्वतःवर मारत राहिलो. हा धंदा आपला नव्हे, असे मी घरी सांगूनही टाकले होते.

मग एका रविवारी मी ती आकडेमोड पुन्हा काढली आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. एकही बेरीज चुकलेली नव्हती. मातीचा दाब नेहमीच्या रीतीने काढला होता; भिंतीच्या दर मीटर लांबीमागे तो सुमारे पाच टन येत होता आणि तेवढ्याला भिंत पुरेशी होती. चूक सापडेना, तेव्हा मी ताळा पाहायचे ठरवले आणि प्रत्यक्ष भिंतीची छायाचित्रे समोर घेतली. पाणी निघून जाण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोके, ज्यांना साइटवर वीप होल म्हणतात, मातीने गच्च बुजलेली होती, कारण त्यांच्या मागे खडी-वाळूचा थर घालावा असे माझ्या नकाशात कुठेच म्हटलेले नव्हते. भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले की तोच दाब दर मीटरला साडेदहा टनांच्या आसपास जातो, म्हणजे दुपटीहूनही अधिक. पाण्यात बुडालेल्या मातीचा स्वतःचा दाब कमी होतो खरा, पण पाण्याचा दाब त्यात भर घालतो आणि पाणी कोणतीही सवलत देत नाही.

चूक कोणत्या ओळीत होती? ‘भिंतीमागे पाणी साचणार नाही’ या ओळीत, आणि ती ओळ मी कुठे लिहिलीच नव्हती. लिहिली असती तर मी किंवा तपासणाऱ्याने तिच्यावर वर्तुळ काढले असते. त्या रात्री मी जुनी चुकांची वही शोधून काढली, नव्या पानावर ती न लिहिलेली ओळ लिहिली आणि बाईंना चार पानी पत्र पाठवले.

त्यांचे उत्तर आले, त्यात सांत्वन अजिबात नव्हते. ‘ओळ सापडली हे वाचून बरे वाटले. आता नकाशांच्या नोंदी ठेवतोस, तर इतरांच्या न लिहिलेल्या ओळीही सापडतात का ते पाहा,’ असे त्यांनी कळवले होते. मी पाहू लागलो. माझ्या आजच्या कामाचे मूळ त्या शिक्षेच्या टेबलावर आहे.

त्याच काळात मी कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाची हकिगत नीट वाचली. हा पूल बांधला जात असताना २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि त्यावर काम करणाऱ्या ८६ जणांपैकी ७५ जण मरण पावले. मूळ बेतात मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, १६०० फुटांचा होता, तो पुढे १८०० फुटांचा करण्यात आला, पण वाढलेल्या गाळ्याप्रमाणे पुलाच्या स्वतःच्या वजनाची आकडेमोड वेळीच नव्याने केली गेली नाही. वजन जास्त भरते आहे हे लक्षात आले तेव्हा काम बरेच पुढे गेले होते आणि वाढलेला ताण चालण्यासारखा आहे, असे ठरवण्यात आले. पुढे खालचे दांडे वाकू लागल्याचे दिसत असतानाही काम वेळेत थांबले नाही. नव्याने बांधताना १९१६ मध्ये मधला भाग वर उचलताना पडला आणि आणखी बळी गेले. अखेर १९१७ मध्ये पूल पुरा झाला आणि कॅन्टिलिव्हर पद्धतीच्या, म्हणजे खांबांवरून पुढे झेपावणाऱ्या बाहूंवर तोललेल्या, पुलांत त्याचा गाळा आजही जगात सर्वांत लांब आहे. माझी भिंत आणि तो पूल यांची बरोबरी करण्याचा अगोचरपणा मी करत नाही. पण जुनी ओळ तशीच पुढे उतरवण्याची खोड तीच आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या अभियंत्याला मी पहिल्या आठवड्यात हा पूल वाचायला देतो.

बाईंचे एक पत्र मी विशेष जपले आहे. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिज येथे फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली आणि साडेतीनशे वर्षे अडलेले कोडे सुटले म्हणून जगभर बातम्या झाल्या. मग तपासणीत त्या सिद्धतेत एक खिंडार सापडले. वर्षभर ते बुजेना. १९ सप्टेंबर १९९४ रोजी, आपली पद्धत नेमकी का चालत नाही एवढे तरी समजून घ्यावे म्हणून ते बसले असताना, तिच्यात जे कमी पडते आहे त्यामुळेच आपण पूर्वी सोडून दिलेली वाट मोकळी होते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षी सिद्धता प्रसिद्ध झाली. ही सारी हकिगत बाईंनी मला बारीक अक्षरात लिहून पाठवली होती आणि समासात लाल पेन्सिलीने चारच शब्द होते, ‘यांचीही चौथी ओळ चुकली!’

आज माझे स्वतःचे लहानसे कार्यालय आहे आणि जुन्या टाक्या, पूल व इमारती तपासून त्यांना किती आयुष्य उरले आहे हे सांगणे, हे आमचे काम आहे. आमच्या प्रत्येक आकडेमोडीचे पहिले पान गृहीतकांचे असते. ते कोरे असेल तर पुढची पाने मी वाचत नाही. दर महिन्याच्या शेवटी सर्वांनी एकत्र बसून आपापली एक चूक ओळीसह सांगायची, असा रिवाज आहे आणि सुरुवात मी करतो. पहिली दोन वर्षे सगळे माझ्याच चुका मिटक्या मारत ऐकत, स्वतःची कोणी काढत नसे. आता काढतात. हे सांगताना थोडा अभिमान डोकावतो आहे, तो वाचकांनी बाईंच्या खात्यावर जमा करावा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. अपयशाने माणूस शिकतो असे म्हणणारे बहुधा माझ्यासारखेच असतात, ज्यांना पुन्हा टेबल मिळाले. स्मरणिकेत लिहायला ज्यांना बोलावले जात नाही, त्यांच्यातही माझ्याइतकेच चुकलेले आणि माझ्याहून हुशार पुष्कळ जण आहेत. त्यांना त्यांची ओळ दाखवणारे कोणी भेटले नाही, किंवा ओळ सापडेपर्यंत थांबायला सवड मिळाली नाही. भिंत झुकली तेव्हा मला कामावरून काढले असते, तर माझ्या वहीचा काय उपयोग झाला असता, हे मला सांगता येत नाही.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. जिन्याखालच्या खोलीत आता मोडकी बाके ठेवली आहेत. बऱ्याच चाचण्या पर्याय निवडण्याच्या असतात, असे मुलांनी सांगितले. चार गोलांपैकी एक काळा करायचा. तपासायला ते सोपे जाते, हे मला समजते. पण त्या कागदावर चौथी ओळच नसते, तर चुकलेल्या मुलाला ती दाखवणार कशी, हा प्रश्न घेऊनच मी जिना उतरलो. उतरताना सवयीने मान खाली घातली, खोलीत जायचे नव्हते तरी.

संपादकांनी शालेय जीवनातले एखादे छायाचित्र मागितले आहे. तसे माझ्याजवळ नाही. त्याऐवजी चुकांच्या वहीचे पहिले पान पाठवत आहे. जागा असेल तर ते छापावे. मात्र क्षची किंमत शून्यच राहू द्यावी. मुद्रितशोधन करताना कोणी ती दुरुस्त करू नये.