नऊ वाजताचा टँक

ऑनलाइन गेममधलं पहिलं पात्र माणूस मनानं निवडतो. तलवार आवडली, आगीचे गोळे आवडले, तेवढं पुरतं. दुसऱ्या वेळी थोडी अक्कल आलेली असते आणि तीच नडते. मग तक्ते उघडले जातात: सध्या सगळ्यात जास्त डॅमेज कोणाचं, नर्फ बसून कोणाची ताकद कमी झाली. पुढच्या पॅचला, म्हणजे गेममध्ये नवे बदल आले की, तो तक्ता शिळा होतो आणि मेहनतीनं वाढवलेलं ऑल्ट, म्हणजे हे दुसरं पात्र, धूळ खात पडतं. सांगली-साताऱ्यात बसून खेळणाऱ्यानं तक्त्याआधी घड्याळ बघावं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमचा युरोपातला सर्व्हर धरू. तिथली मंडळी रात्री आठला रेडला, म्हणजे मोठ्या गटानं लढायला, जमतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. सकाळी कॉलेज किंवा कामावर जाणाऱ्याला हे झेपत नाही. तो बसणार रात्री नऊला, म्हणजे तिथल्या साडेचार-साडेपाचला, गर्दी व्हायच्या आधी. डंजन म्हणजे शत्रूंनी भरलेली छोटी मोहीम. तिच्या गटात पाच जण लागतात: शत्रूंना अंगावर घेणारा एक टँक, गटाला बरं करणारा एक हीलर, वार करणारे तीन डीपीएस. टँकचं काम अंगावर घ्यायला मुळातच थोडे तयार असतात, आणि अशा अवेळी आणखी थोडे. ही टंचाई जुनीच आहे. २०११ साली गेमच्या कंपनीनं, ज्या भूमिकेची कमतरता असेल ती घेणाऱ्याला बक्षिसाची जादा थैली द्यायला सुरुवात केली. फायनल फँटसी १४ या दुसऱ्या गेममध्येही अशी सोय आहे. तरीही गटात शिरायला डीपीएसची रांग लांबच राहते. ज्याच्या घरी नऊलाच ताट वाढलं जातं त्याला ती बरी, नाव नोंदवून जेवून येता येतं. बाकीच्यांचं पहिलं पात्र डीपीएस असेल, तर दुसरं टँक किंवा हीलर असावं. एका तासात तीन डंजन व्हायचे की एक, हे त्यावर ठरतं.

मग पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ. उदाहरणाला जर्मनीतलं फ्रँकफर्ट घेऊ: सांगलीपासून सरळ रेषेत सुमारे ६,९०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६९ मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागतात. तार सरळ जात नाही, समुद्रातून वळसे घेते, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे खरा आकडा बराच वर जातो. गेमर दोष देतो वायफायला. वायफाय सोडून केबल लावली तर आकडा स्थिर होतो, पण अंतर काही कमी होत नाही. हे सगळ्यात जास्त बोचतं ते शत्रूचा मंत्र ऐनवेळी तोडणाऱ्याला. हीलरला त्यातल्या त्यात सुसह्य, कारण दोन-अडीच सेकंदांचा हील टाकायचा तर मार बसण्याआधीच सुरुवात करावी लागते. तिथे चपळाईपेक्षा अंदाज चालतो. फटका कुठे बसणार ते दाखवणाऱ्या जमिनीवरच्या केशरी ठिपक्यातून मात्र सगळ्यांनीच जरा लवकर निघावं. ठिपका पुसला गेलेला आपल्याला दिसतो, तेव्हा सर्व्हरवरचा हिशेब आधीच झालेला असतो.

आणि वीज. वळवाच्या दिवसांत ती जाणारच. डीपीएस गायब झाला तर गट कुरकुरत का होईना, पुढे सरकतो. टँक गायब झाला तर शत्रू बहुतेक हीलरकडे वळतात, कारण हील केल्यानंही त्यांचा राग ओढवतो, आणि मग वाइप, अख्खा गट गारद. टँक व्हायचं असेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा आणि लॅपटॉपवर खेळावं. डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल तर हीलरचाही मोह टाळावा, सरळ दुसरा डीपीएस काढावा. भित्रेपणा वाटेल, पण बाकीच्या चौघांना विचारा.

टँकविषयी मोठा गैरसमज म्हणजे त्यानं फक्त मार खायचा. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यात सूत्रधार पदं म्हणत खेळ पुढे नेई आणि त्याच्या पदांवर बाकीची सोंगं येत-जात. टँक तसा असतो. वाट त्यानं ठरवायची, वेग त्यानं. डीपीएसमधून आलेल्याला हेच जमत नाही. तो शत्रूंवर धावून जातो आणि मागे वळून पाहत नाही. बहुतेक हील चाळीस यार्डांपर्यंतच पोचतात. कोपऱ्यामागे गेलात तर तेही नाही. दुसरी चूक, मोठ्या शत्रूचं तोंड गटाकडे ठेवणं. त्याचा समोरचा फटका चौघांना बसतो आणि शिव्या हीलरला. तोंड भिंतीकडे फिरवावं आणि तिथेच उभं राहावं. टँक नाचला की पाठीमागून वार करणारे बिचारे गोल गोल फिरतात. पुढचा घोळका ओढण्याआधी हीलरचा माना, म्हणजे मंत्रांसाठी उरलेली ताकद, बघावा. माइकवर दोन शब्द बोलावे लागतात. आजी शेजारच्या खोलीत झोपली असेल तर हाही विचार करावा.

हीलरची चूक उलटी. तो सोबत्यांचा जीव दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्यांकडे बघत बसतो आणि स्वतः आगीत उभा राहतो. पट्ट्या पडद्याच्या कोपऱ्यातून उचलून आपल्या पात्राच्या जरा खाली आणल्या की निम्मं काम होतं.

तरीही ठरत नसेल तर पॅलाडिन, ड्रुइड किंवा मंक या प्रकारचं पात्र घ्यावं. वॉरक्राफ्टमध्ये हे तिघं तिन्ही भूमिका करू शकतात. एकट्यानं लेव्हल वाढवताना डीपीएस राहायचं, गटात शिरताना बदलायचं. मेज, रोग किंवा वॉरलॉक या प्रकारचं पात्र काढलात तर ही पळवाट नाही, ते फक्त डीपीएसच. पहिलं पात्र वॉरियर असेल तर पॅलाडिन आणखी सोयीचा, दोघांचं चिलखत एकाच प्रकारचं. २०२४ पासून खात्यातल्या पात्रांची बँकही सामायिक आहे, त्यामुळे अजून अंगावर न चढवलेल्या बऱ्याच वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे देता येतात. फायनल फँटसीत एकच पात्र सगळी कामं शिकतं. तिथे दुसरं पात्र काढणं म्हणजे बहुतेक वेळा नव्या चेहऱ्याची हौस. हौसेला हरकत नाही.

बटणं मात्र दोन्ही पात्रांची सारखी ठेवावीत. मंत्र तोडण्याचं एकाच जागी, जीव वाचवण्याचं एकाच जागी, पळण्याचं एकाच जागी. बोटांना पात्र बदललेलं कळत नाही.

सराव माणसांवर करू नये. वॉरक्राफ्टमध्ये जानेवारी २०२४ पासून काही डंजनांत संगणकाचेच चार सोबती घेऊन जाता येतं. ते चिडत नाहीत, गट सोडून जात नाहीत, टँक वाट चुकला तरी गुमान मागे येतात. तिथे वाट पाठ करावी. मग खऱ्या गटात शिरल्याबरोबर ‘नवीन टँक आहे’ एवढं टाइप करावं आणि बोट टाँटच्या, म्हणजे शत्रूला आपल्याकडे ओढण्याच्या, बटणावर तयार ठेवावं, कारण इथे कुणीतरी तुमच्याआधी धावून जाणारच.